लाल ठिपक्याची परीक्षा : रशियन कॉलिमेटर लक्ष्यदर्शकांच्या तुलनेचा इतिहास

प्रस्तावना

शस्त्रांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे तोफा, तटबंदी आणि तलवारी यांना मोठे स्थान मिळाले. नेम धरण्याची साधने मात्र दुर्लक्षित राहिली. वस्तुतः गोळी कितीही वेगवान असली, तरी ती कोठे जाणार हे डोळा आणि लक्ष्य यांच्यामधील काही मिलिमीटरांच्या साधनावर अवलंबून असते. गेल्या अर्धशतकात या साधनात जो मोठा बदल झाला, तो ‘रेड डॉट साइट’ या नावाने ओळखला जातो. लाल ठिपका दाखविणाऱ्या या लक्ष्यदर्शकांच्या चाचण्या आणि तुलना यांवर विपुल लेखन झाले आहे. त्यात रशियन लक्ष्यदर्शकांविषयी दोन ठाम मते वारंवार आढळतात. एका मतानुसार ते पाश्चात्त्य साधनांची ओबडधोबड नक्कल होत. दुसऱ्या मतानुसार ते कोणत्याही हवामानात, कोणत्याही आघातात न बिघडणारे होत. ही दोन्ही मते इतिहासाला धरून नाहीत, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. लक्ष्यदर्शकाची तुलना ही केवळ दोन काचांची तुलना नसते. ते ज्या रायफलीसाठी, ज्या सैनिकासाठी आणि ज्या हिवाळ्यासाठी घडविले गेले, त्यांचीही ती तुलना असते.

प्रथम मूळ प्रश्न समजून घेतला पाहिजे. साध्या बंदुकीवर नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. या तिन्ही डोळ्यापासून निरनिराळ्या अंतरांवर असतात आणि मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो. म्हणून माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य धूसर होते आणि लक्ष्य स्पष्ट दिसले की माशी विरघळते. तरुण नेमबाजाला हे फारसे जाणवत नाही. चाळिशीनंतर मात्र प्रत्येकाला जाणवते. एखादी प्रकाशमान खूण भिंगाच्या अथवा अंतर्वक्र आरशाच्या केंद्राशी ठेवली, तर तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात आणि ती खूण अनंत अंतरावर असल्यासारखी दिसते. मग खूण आणि लक्ष्य डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसतात. किरणांना असे समांतर करणाऱ्या रचनेला कॉलिमेटर म्हणतात. विवर्धन नसल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि डोके नेमके एका जागी धरण्याची गरज राहत नाही.

डब्लिन, पुणे आणि सिमेईझ

ही कल्पना सैनिकाची नव्हे, दुर्बिणी घडविणाऱ्या कारागिराची आहे. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये अशा लक्ष्यदर्शकाचे पेटंट घेतले. तारे पाहण्यासाठी मोठ्या दुर्बिणी घडविणे हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय होता. दुर्बिणीच्या भिंगांची परीक्षा घेताना कॉलिमेटर हे नित्याचे साधन असते. तेच त्यांनी बंदुकीवर आणले.

महाराष्ट्रातील वाचकास ग्रब हे नाव सर्वस्वी परके वाटू नये. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील २० इंची परावर्तक दुर्बीण याच ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. त्याच १९१२ साली रशियाने क्रिमियातील सिमेईझ येथील वेधशाळेसाठी ग्रब यांच्याकडे सुमारे एक मीटर व्यासाच्या परावर्तक दुर्बिणीची मागणी नोंदविली. महायुद्ध, क्रांती आणि यादवी यांमुळे ती दुर्बीण १९२५ मध्ये, म्हणजे मागणी करणारे साम्राज्य नष्ट झाल्यावर आणि नव्या राज्यकर्त्यांच्या काळात, तेथे पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात तीही नष्ट झाली.

हा उल्लेख केवळ योगायोग म्हणून केलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या प्रकाशीय उपकरणांसाठी पुणे आणि क्रिमिया ही दोन्ही ठिकाणे पश्चिम युरोपातील मोजक्या कारखान्यांवर अवलंबून होती. पुढे रशियाने हे अवलंबन तोडले. ते कसे तोडले, हे समजल्याशिवाय रशियन लक्ष्यदर्शकांचे गुणदोष समजत नाहीत.

काचेचा प्रश्न

खिडकीची काच आणि प्रकाशीय काच यांत मोठे अंतर आहे. प्रकाशीय काचेत बुडबुडा चालत नाही, तंतूसारखी रेघ चालत नाही आणि तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अपवर्तनाचे मान एकसारखे असावे लागते. त्यासाठी वितळलेली काच सतत ढवळावी लागते, वितळविण्याची मूसच काचेत विरघळू नये याची काळजी घ्यावी लागते आणि नंतर ती अत्यंत संथपणे थंड करावी लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी ही विद्या येनाची शॉट, बर्मिंगहॅमची चान्स आणि पॅरिसची पारा-मांत्वा अशा थोड्या कारखान्यांच्याच हाती होती. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यात १९०५ पासून तोफांच्या लक्ष्यदर्शकांची कार्यशाळा होती. पण काच बाहेरून येत असे. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन काच बंद झाली आणि तोफखान्याला डोळेच उरले नाहीत.

तेव्हा पेत्रोग्रादच्या शाही चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात काच वितळविण्याचे प्रयोग सुरू झाले. निकोलाय काचालोव्ह, इल्या ग्रेबेन्श्चिकोव्ह आणि पदार्थवैज्ञानिक द्मित्री रोझदेस्तव्हेन्स्की ही त्यांमागील प्रमुख नावे. डिसेंबर १९१८ मध्ये, शहरात अन्न आणि सरपण यांची टंचाई असताना, रोझदेस्तव्हेन्स्की यांनी राज्य प्रकाशकी संस्था स्थापन केली. पदार्थविज्ञान, काचेचे रसायन आणि उपकरणांची निर्मिती ही एका छताखाली असावीत, हा त्यांचा आग्रह होता. १९२७ मध्ये सोव्हिएत संघाने प्रकाशीय काचेची आयात थांबविली. एका दशकाच्या आत मिळविलेले हे स्वावलंबन माझ्या मते सोव्हिएत विज्ञानाच्या सर्वांत कमी गाजलेल्या आणि सर्वांत परिणामकारक यशांपैकी एक आहे.

स्वावलंबन म्हणजे मौलिकता नव्हे, हेही येथेच नोंदविले पाहिजे. १९३० च्या दशकातील मोसिन रायफलीवरील ‘पीई’ ही चौपट विवर्धनाची दुर्बीण जर्मन झाइस नमुन्यावरून घेतलेली होती. परंतु १९४० मध्ये आलेली ‘पीयू’ पाहिली की वेगळी दृष्टी दिसते. तिचे विवर्धन साडेतीन पट, क्षेत्र साडेचार अंश. ती आधीच्या दुर्बिणीपेक्षा बरीच आखूड, हलकी आणि कमी भागांची होती. १९४२ पासून कोचेतोव्ह यांच्या साध्या बैठकीवर ती मोसिन रायफलीवर बसू लागली. कागदावरच्या तुलनेत ‘पीई’ सरस ठरते. पण ‘पीयू’ युद्धकाळात, स्थलांतरित कारखान्यांतून, नवशिक्या हातांनी मोठ्या संख्येने घडविता येत होती. १९४१ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखाना नोव्होसिबिर्स्कला हलविला गेला आणि राज्य प्रकाशकी संस्थेचे काम सर्गेई वाव्हिलोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली व्होल्गाकाठच्या प्रदेशातील योश्कर-ओला येथे चालले. अशा काळात चांगले साधन कोणते, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतील टेबलावर ठरत नाही.

वैमानिकाचे कपाळ

कॉलिमेटर लक्ष्यदर्शक प्रथम रुजले ते रायफलीवर नव्हे, लढाऊ विमानांत. १९१८ मध्ये जर्मनांनी ओइगी कंपनीचे परावर्तक लक्ष्यदर्शक आपल्या विमानांवर वापरून पाहिले. विमानात वजनाची अडचण कमी आणि दिव्यासाठी वीज हाताशी होती. सोव्हिएत आय-१६ विमानाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत समोरच्या काचेतून बाहेर डोकावणारी नळी असे आणि वैमानिकाला तिला डोळा लावावा लागे. नंतर तिच्या जागी कॉलिमेटर आले. दुसऱ्या महायुद्धात याक, मिग, लाग आणि इल-२ या विमानांवर ‘पीबीपी-१’ या मालिकेतील कॉलिमेटर होते.

इल-२ या बख्तरबंद हल्लेखोर विमानाचा अनुभव मात्र बोधप्रद आहे. जमिनीलगत उडणाऱ्या या विमानांना शत्रूच्या माऱ्यामुळे वारंवार सक्तीने उतरावे लागे आणि अशा वेळी वैमानिकाचे डोके समोरच्या लक्ष्यदर्शकावर आदळे. अनेकांना गंभीर इजा झाल्या. १९४२ च्या सुमारास या विमानांवरून तो कॉलिमेटर काढून टाकण्यात आला. त्याऐवजी समोरच्या काचेवर वर्तुळे व रेषा आखल्या गेल्या आणि इंजिनाच्या आवरणावर एक साधी खुंटी बसविली गेली. प्रकाशकीच्या दृष्टीने ही सरळसरळ पीछेहाट होती. खाच आणि माशी यांचीच ती मोठी आवृत्ती. पण तिने कोणाचे कपाळ फोडले नाही. लक्ष्यदर्शकांच्या तुलनेच्या कोणत्याही तक्त्यात ‘वैमानिकाचे कपाळ’ असा रकाना नसतो. येथे मात्र त्या एकाच रकान्याने निर्णय दिला.

कोरियन युद्धात तुलना पुन्हा उफाळून आली. मिग-१५ बिस या विमानावरील ‘एएसपी-३एन’ हे भ्रमणदर्शी लक्ष्यदर्शक ब्रिटिश नमुन्यावर आधारित होते. वैमानिकाने शत्रुविमानाच्या पंखांची लांबी आधी भरायची आणि हाताने मूठ फिरवून प्रकाशाच्या कड्यात ते विमान बसवायचे, तेव्हा अंतर कळे. अमेरिकी एफ-८६ विमानावरील लक्ष्यदर्शकाला अंतर रडार देत असे. १९५१ मध्ये सक्तीने उतरलेले एक एफ-८६ सोव्हिएत तज्ज्ञांच्या हाती आले, ते मॉस्कोला नेण्यात आले आणि त्यावरील लक्ष्यदर्शकाची व रडारची नक्कल करण्यात आली. ‘नक्कल’ या आरोपाला येथे पूर्ण आधार आहे. मात्र नक्कल करण्यासाठीही स्वतःची काच, स्वतःचे यंत्रकाम आणि समोरचे साधन उकलून समजण्याची विद्या लागते.

लोसेव्हचा प्रकाश

विमानात रुजलेला कॉलिमेटर रायफलीवर यायला आणखी दोन दशके गेली. त्याचे कारण भिंगात नसून दिव्यात होते. तापणाऱ्या तारेचा दिवा गोळीच्या धक्क्याने तुटतो, वीज भराभर खातो आणि उष्णता देतो. रायफलीवर लहान, थंड, टिकाऊ प्रकाशबिंदू हवा होता. तो एलईडीने दिला.

या प्रकाशाची कथा रशियात सुरू होते, ही गोष्ट तुलना करणाऱ्या लेखनात क्वचितच आढळते. निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ओलेग लोसेव्ह या तरुणाने कार्बोरंडमच्या स्फटिकातून वीज जाताना उमटणारा प्रकाश तपासला आणि १९२७ मध्ये त्याविषयी लेखन प्रसिद्ध केले. ही चमक त्यापूर्वी १९०७ मध्ये ब्रिटनचे हेन्री राउंड यांनी नोंदविली होती. परंतु ती उष्णतेची नव्हे हे दाखवून तिचा पद्धतशीर अभ्यास लोसेव्ह यांनी केला. त्यांचे औपचारिक उच्च शिक्षण पूर्ण झालेले नव्हते. १९४२ मध्ये लेनिनग्रादच्या वेढ्यात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ३८ वर्षांचे होते. दृश्य लाल प्रकाश देणारी उपयुक्त एलईडी पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केली. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये एलईडी असलेले लक्ष्यदर्शक बाजारात आणले. ज्या देशात हा प्रकाश प्रथम नीट अभ्यासला गेला, त्या देशाच्या रायफलीवर तो परदेशांनंतर पोहोचला.

लाल रंगामागचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. लाल एलईडी आधी आणि स्वस्त उपलब्ध झाली, हे एक. दुसरे असे की, भिंगावर असा पातळ लेप देता येतो, जो केवळ लाल प्रकाशाची एक अरुंद पट्टी परत फिरवितो आणि उरलेला प्रकाश आरपार जाऊ देतो. त्यामुळे ठिपका उजळ दिसतो. पण समोरच्या दृश्यातून तेवढा लाल भाग वजा होतो आणि दृश्य किंचित निळसर-हिरवट भासते. ‘रशियन काच रंगीत दिसते’ ही तक्रार नेहमी केली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण हा रंग काचेच्या हलकेपणाचा पुरावा नसून लेपाच्या निवडीचा परिणाम असतो आणि तो कमी-अधिक प्रमाणात सर्वच देशांच्या साधनांत आढळतो.

उपयोगाची पहिली मोठी परीक्षा रणांगणात अमेरिकी सैनिकांनी दिली. उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी २१ नोव्हेंबर १९७० च्या पहाटे छापा घालण्यात आला. त्याच्या रात्रीच्या सरावात निवडक नेमबाजांचेही नेम चुकत होते. तेव्हा सिंगलपॉइंट नावाचे, बाजारात मिळणारे बिनविजेचे लक्ष्यदर्शक विकत घेण्यात आले. त्यातून आरपार दिसत नाही. एका डोळ्याला केवळ ठिपका दिसतो, दुसऱ्या डोळ्याला लक्ष्य, आणि मेंदू दोन्हींची जुळणी करतो. सरावातील फरक इतका स्पष्ट होता की छाप्यात तेच वापरले गेले. अमेरिकी भूदलाने एमपॉइंटचे साधन ‘एम६८’ या नावाने अधिकृतपणे स्वीकारले, ते मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

कलाश्निकॉव्हची डावी कुशी

रशियन रेड डॉटचे रूप ठरविले ते कलाश्निकॉव्ह रायफलीने. या रायफलीचे वरचे झाकण पातळ पोलादी पत्र्याचे असते आणि साफसफाईसाठी ते रोज काढावे लागते. त्यावर लक्ष्यदर्शक बसविला, तर झाकण परत लावताना नेम हलतो. पाश्चात्त्य रायफलींच्या पाठीवर स्थिर पट्टी देणे सोपे होते. येथे पाठच स्थिर नव्हती. म्हणून सोव्हिएत अभियंत्यांनी डाव्या कुशीवर पट्टी ठोकली. आरंभी ती केवळ रात्रीच्या लक्ष्यदर्शकासाठी असलेल्या आवृत्त्यांवर होती. एके-७४एन मधील ‘एन’ हे अक्षर रात्र या अर्थाच्या रशियन शब्दाचेच आहे. १९९१ पासूनच्या एके-७४एम रायफलीवर ती सरसकट आली.

या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले. लक्ष्यदर्शकाला डावीकडून वर चढणारी, मग उजवीकडे वळून नळीच्या रेषेवर येणारी पोलादी अथवा अॅल्युमिनियमची मान लागते. त्यामुळे वजन वाढते. ठिपका उंच येतो आणि कलाश्निकॉव्हचा दस्ता खालच्या माशीसाठी घडविलेला असल्याने गाल टेकण्याऐवजी हनुवटी टेकावी लागते. हा खरा दोष आहे. रशियन साधनांच्या चाहत्यांनी तो झाकू नये. दुसऱ्या बाजूला, खटका दाबून लक्ष्यदर्शक काढता येतो आणि परत चढविला की तो बहुधा त्याच जागी बसतो. रात्री एक, दिवसा दुसरा असे साधन बदलणाऱ्या सैन्यासाठी या गुणाचे मोल मोठे आहे. टेबलावर रायफल ठेवून एकदाच नेम जुळविणाऱ्या शौकी परीक्षकाला त्याचा प्रत्ययच येत नाही.

१९९१ नंतर कारखाने आर्थिक संकटात सापडले आणि लष्करी साधने परदेशी बाजारात आली. इझेव्हस्कच्या अक्सिऑन कारखान्याचे ‘कोब्रा’, नोव्होसिबिर्स्कचे ‘ओबझोर’ आणि ‘पीके-एएस’ ही नावे अमेरिकेतील नेमबाजांच्या तोंडी झाली. यांतील ‘पीके-एएस’ वस्तुतः मिन्स्कच्या बेलोमो समूहाचे, म्हणजे बेलारूसचे. ‘रशियन’ या शब्दाखाली दोन देशांची साधने एकत्र तोलली गेली आणि एका कारखान्याचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला.

परीक्षेचे निकष

आता चाचण्यांकडे वळू. सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘पराशयमुक्त’ हा आहे. डोळा बाजूला सरकला की ठिपका लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, त्याला पराशय म्हणतात. चाचणी साधी असते : रायफल शिकंज्यात घट्ट बसवावी, दूरच्या भिंतीवरील खुणेवर ठिपका आणावा आणि डोळा भिंगाच्या चारही कडांपर्यंत नेऊन ठिपका किती सरकतो ते पाहावे. ठिपक्याचे किरण अचूक समांतर असतील, तर चूक भिंगाच्या अर्ध्या व्यासापेक्षा अधिक होऊच शकत नाही. ३० मिलिमीटर भिंगात ती फार तर दीड सेंटिमीटर. किरण समांतर नसतील, तर मात्र चूक अंतराबरोबर वाढत जाते. आरसा तिरका असल्याने भिंगाच्या कडेला ही समांतरता सर्वच परावर्तक साधनांत थोडी बिघडते. म्हणून १० मीटरवर केलेली पराशयाची चाचणी ३०० मीटरविषयी फारसे काही सांगत नाही, आणि प्रसिद्ध तुलनांपैकी बऱ्याच अशाच खोलीतल्या अंतरावर केलेल्या असतात.

ठिपक्याच्या आकाराचीही तीच गत. पाश्चात्त्य परीक्षक तो कोनाच्या मिनिटांत मोजतात. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. रशियन पद्धतीत वर्तुळाचे ६००० भाग करतात. त्यातील एक भाग ३.६ मिनिटांचा, म्हणजे १०० मीटरवर सुमारे साडेदहा सेंटिमीटरचा होतो. हे परिमाण न बदलता केलेल्या तुलना मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष अर्थातच निरर्थक आहेत. शिवाय रशियन खुणा जाड का, याचे उत्तर सोव्हिएत नेमबाजीच्या शिकवणीत आहे. एके-७४ रायफलीवर अर्धा मीटर उंचीच्या आकृतीवर ४४० मीटरपर्यंत दर्शक न बदलता गोळी झाडावी, असा तो नियम. अल्पकाळ प्रशिक्षित सैनिकाने झटपट नेम धरावा हा हेतू असेल, तर सुईच्या टोकाएवढा ठिपका गुण न ठरता अडथळा ठरतो.

‘ओबझोर’, म्हणजे लष्करी क्रमांकाने ‘१पी६३’, हे साधन या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. त्यात विद्युत्घट नाही. दिवसा आजूबाजूचा प्रकाश गोळा करून आणि रात्री ट्रिटियमच्या किरणोत्सर्गाने खूण उजळते. बटन नाही, तार नाही. परंतु अंधाऱ्या खोलीतून उन्हातील रस्त्याकडे पाहणाऱ्या सैनिकाच्या साधनाला खोलीतला क्षीण प्रकाशच मिळतो आणि खूण उजळ पार्श्वभूमीवर बुडून जाते. शहरी लढाईत हा दोष किरकोळ मानता येणार नाही. ट्रिटियमबाबत मात्र परीक्षकांनी एक अन्याय केला आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे; पंचवीस वर्षांत त्याचे तेज चतुर्थांशावर येते. १९९० च्या दशकातील जुने साधन घ्यायचे, ते आजच्या नव्या विजेच्या साधनाशेजारी ठेवायचे आणि रशियन खूण अंधुक म्हणायची, ही तुलना नव्हे.

‘कोब्रा’ विजेवर चालते. तिची खूण चांगली उजळ दिसते. पण तिचा प्रकाशबिंदू उघड्या जागेतून भिंगाकडे जातो. त्या वाटेत बर्फ, चिखल किंवा पावसाचा थेंब आला की ठिपका फुटतो किंवा नाहीसा होतो. बंद नळीच्या साधनात हे घडत नाही; तेथे नळीची कड दृश्य अडविते. उघडे की बंद, हा वाद रशियन-पाश्चात्त्य असा नाहीच. दोन्हीकडे दोन्ही प्रकार आहेत.

थंडी आणि विद्युत्घट

रशियन साधनांच्या दणकटपणाची ख्याती मुख्यतः थंडीशी निगडित आहे. तिचे मूळ १९६३ मध्ये स्वीकारलेल्या द्रागुनोव्ह रायफलीच्या ‘पीएसओ-१’ या दुर्बिणीत पाहता येते. ही रायफल व दुर्बीण भारतीय सैन्यातही वापरात आली, त्यामुळे ती आपल्या परिचयाची आहे. तिची खूण विजेने उजळते आणि कडाक्याच्या थंडीत विद्युत्घट निकामी होतो. त्यावर अभियंत्यांनी शोधलेला उपाय असा : घट वेगळ्या डबीत घालून सैनिकाने तो कोटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायचा आणि तारेने दुर्बिणीला जोडायचा. त्या घटाचे रसायन सुधारता आले नाही. म्हणून त्याची जागा बदलली. दणकटपणाचे हे खरे स्वरूप आहे. साधन न बिघडणारे नव्हते. ते कोठे बिघडेल याचा विचार आधी केलेला होता.

पाश्चात्त्य बाजूची एक घटना याच्याशेजारी ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील एल-३ कम्युनिकेशन्स या कंपनीने आपल्या ईओटेक शाखेच्या होलोग्राफिक लक्ष्यदर्शकांबाबतचा सरकारी दावा मिटविण्यासाठी २ कोटी ५६ लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले. उणे ४० ते १४० अंश फॅरनहाइट या तापमानात साधन अपेक्षेप्रमाणे चालते, असे सरकारला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तापमान बदलताच नेम सरकत होता आणि तो मूळ जागी परततच असे, असेही नव्हते. ही साधने वर्षानुवर्षे तुलनांच्या अग्रभागी होती. त्या तुलना खोट्या नव्हत्या. त्या सुखकर हवामानात केलेल्या होत्या. काचेची स्वच्छता, ठिपक्याची धार आणि रूप यांना गुण दिले गेले, पण साधन थंड करून, पुन्हा तापवून नेम तपासण्याचा खटाटोप फार थोड्यांनी केला.

याचा अर्थ रशियन साधन अशा परीक्षेत आपोआप उत्तीर्ण होते, असा घेऊ नये. उणे ५० अंशांचा दावा कारखान्याच्या पत्रकावर छापणे सोपे असते. ईओटेकचा दावाही छापीलच होता. विद्युत्घटाचा प्रश्न तर आता बराच बदलला आहे. एमपॉइंटच्या एम४ या साधनाचे आयुष्य एका सामान्य पेन्सिल सेलवर ८०,००० तास असल्याचे उत्पादक सांगतो. इतका काळ सतत चालू राहणाऱ्या साधनापुढे ‘ओबझोर’चा बिनविजेचा युक्तिवाद क्षीण पडतो, आणि ‘कोब्रा’च्या पिढीतील साधनांचा विजेचा खर्च उधळपट्टीचा वाटू लागतो. १९९० च्या दशकात हे अंतर पडले. त्याच काळात रशियन कारखान्यांत वेतन थकले होते आणि जाणते कारागीर काम सोडून जात होते.

रशियाने अखेरीस डावी कुशीही सोडली. २०१८ मध्ये स्वीकारलेल्या एके-१२ रायफलीचे झाकण घट्ट बसणारे करून त्याच्या पाठीवर पाश्चात्त्य धर्तीची पट्टी देण्यात आली आणि ‘१पी८७’ हे नवे कॉलिमेटर त्या पट्टीसाठीच घडविले गेले. त्याच कुळातील एके-२०३ रायफलीच्या सहा लाखांहून अधिक नगांसाठी भारताने डिसेंबर २०२१ मध्ये करार केला; तिचे उत्पादन अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे होते. तिच्याही झाकणावर पट्टी आहे. आता कोणत्याही देशाचे लक्ष्यदर्शक तिच्यावर चढू शकते. वाळवंटातील उन्हाळा आणि सियाचीनचा हिवाळा या दोन्ही ठिकाणी, झाकण शंभर वेळा काढून-लावून, त्याच रायफलीवर ठिपका जागेवर राहतो की नाही, हे पाहणारी परीक्षा ही तिच्यासाठी लक्ष्यदर्शक निवडण्यापूर्वीची पहिली पायरी ठरते.